ठेकेदाराचे मन न दुखावता घर कसे बांधावे

आपण स्वतःच्या प्लॉटवर घर बांधावयास काढले असेल, तर सर्वप्रथम लेखी करार करण्याचा मोह आवरावा. ठेकेदार बहुधा मेव्हण्याच्या ओळखीतून आलेला असतो आणि अशा घरच्या माणसापुढे स्टॅम्प पेपर ठेवणे शिष्टाचारास धरून नाही. चौरस फुटाचा दर तोंडीच ठरवावा. तो कोणत्या क्षेत्रफळावर लागू होईल, जिना, छज्जे आणि पाण्याची टाकी त्यात धरली आहे की नाही, सळई व सिमेंट कोणत्या प्रतीचे, हे विषय मुळीच काढू नयेत. शेवटच्या बिलात ते 'एक्स्ट्रा' या सदराखाली आपोआप निघतात आणि तेथे पुरेसे सविस्तर असतात.

प्लिंथ (जोते), स्लॅब, वीटकाम, गिलावा असे टप्पे पाडून, झालेले काम मोजून पैसे देणारे आणि शेवटचे पाच-दहा टक्के पैसे काम संपेपर्यंत हातचे राखणारे लोकही जगात आहेत. त्यांच्या कामावर ठेकेदार वेळेवर हजर असतो, यावरून त्यांचा स्वभाव किती रुक्ष असेल याची कल्पना यावी. आपण मात्र बाजाराच्या दिवशी मजुरांच्या पगारासाठी मागितलेली उचल रोख द्यावी आणि पावती मागू नये. त्या पैशांतून दुसऱ्या कोणाचा तरी स्लॅब वेळेवर ओतला जात असतो, हे पुण्य थोडे नाही.

आपला स्लॅब ओतून झाल्यावर काही पुस्तकी मंडळी आय.एस. ४५६ : २००० हे भारतीय मानक पुढे करतील. त्यानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस आणि हवा उष्ण व कोरडी असल्यास १० दिवस पाणी मारावे लागते. साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस काढता येत नाहीत. परंतु सेंट्रिंगच्या (काँक्रीटच्या साच्याच्या) प्लेटांवाचून दुसरी साइट अडून बसली असताना आपण मानके उच्चारावीत, हे बरे दिसत नाही. काँक्रीटचे ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासून घेणे तर उघड अविश्वासाचे कृत्य होय. स्लॅबची खरी परीक्षा पहिल्या पावसात विनामूल्य होते.

गळती सुरू झाली की कोणीतरी ग्राहक आयोगाचे नाव काढील, तेव्हा विषय बदलावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ घरबांधणीला सेवाच मानतो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, ५ लाखांपर्यंत शुल्कही पडत नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. एवढी सोय पाहून सज्जन माणसाने संकोचच करावा. शिवाय तक्रारीस साधारणपणे २ वर्षांची मुदत असते आणि ती घालवणे मुळीच अवघड नाही: दसऱ्याचा वायदा अक्षय्य तृतीयेवर, तेथून पुढच्या दसऱ्यावर जाऊ द्यावा आणि हे सर्व केवळ फोनवर बोलावे, लेखी नोटीस पाठवू नये. फारच राग आला, तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, हेलपाटा घालावा. ते प्राधिकरण प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी (बिल्डरांसाठी) असून आपल्या प्लॉटवर मजुरीने काम करणारा ठेकेदार त्याच्या कक्षेत येत नाही. रेरा कायद्यातील ५ वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारीही प्रवर्तकावरच आहे. आपल्या ठेकेदाराकडून अशी हमी हवी होती, तर ती करारात लिहावी लागली असती. पण तो असभ्यपणा आपण टाळलाच आहे.

अखेर अर्धवट काम सोडून ठेकेदार दिसेनासा झाला की तातडीने दुसरा आणावा. आल्याबरोबर तो पहिल्याच्या कामाला नावे ठेवील, त्यावर मान डोलवावी आणि स्वतंत्र अभियंत्याकडून पाहणी अहवाल, मोजमापे व फोटो घेण्याआधीच त्याच्याकडून सर्व भेगा नीट बुजवून घ्याव्यात.