पाहुणे आले की लिफ्ट चालते

डोकं फिरलं आहे म्हणून लिहून राहिली, कोणाला राग आला तर येऊ द्या. आमच्या कॉलेजात नुकतीच इंटरनॅशनल स्टुडंट्स कॉन्फरन्स झाली. खेड्यातलं मेडिकल कॉलेज आहे आमचं, आजूबाजूला कापूस अन् तूर, गेटसमोर चहाच्या टपऱ्या, झेरॉक्सवाला अन् एक मेडिकल स्टोअर, बास. तिथं नेपाळची पोरं आली, श्रीलंकेची आली, दोघं-तिघं आफ्रिकेतले होते, बाकीचे स्क्रीनवरून बोलले. चांगलीच गोष्ट आहे, व्हायलाच पाहिजे कॉन्फरन्स, खेड्यातल्या पोरांनी काय फक्त वॉर्डात सॅम्पलं घेऊन पळत राहायचं का. आलेली पोरंही चांगली होती बिचारी, त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही.

राग याचा आहे की आठवड्याभरात सगळं जमलं!! वर्षभर जे जे मागितलं की "प्रस्ताव पाठवला आहे" असं उत्तर भेटते ते सगळं. मेडिसिन वॉर्डाच्या कॉरिडॉरमधल्या ट्यूबलाइटा लागल्या. पाण्याचा फिल्टर, ज्याच्यावर "बंद आहे" ची चिठ्ठी मी फर्स्ट इयरपासून पाहून राहिली, तो सुरू झाला. अन् लिफ्ट! लिफ्ट चालू झाली राजेहो. मांडीचं हाड मोडलेला म्हातारा रॅम्पवरून ढकलत न्यायचा, पुढून वॉर्डबॉय मामा ओढणार, मागून पेशंटचा पोरगा अन् जावई ढकलणार, अन् मी बाजूनं सलाईनची बाटली हात वर करून धरणार, हे आमचं रोजचं. मेंटेनन्सवाल्याला विचारलं तर पार्ट मुंबईवरून येते म्हणे. मंग चीफ गेस्टला तिसऱ्या माळ्यावरची स्किल्स लॅब दाखवायची ठरली अन् तो पार्ट दोन दिवसात आला. मुंबईवरून आला की चंद्रपूरवरून आला ते देव जाणे पण आला. म्हणजे येत होता नं! आधीच येत होता. कोणी मागवलाच नव्हता.

गरिबी असती तर मी समजून घेतलं असतं. आम्ही सगळे तशाच घरातले आहो, नाही म्हणजे नाही हे आम्हाला समजते. पण पैसा होता, माणूस होता, पेंटर होता, प्लंबर होता. फक्त ते सगळं पेशंटसाठी नव्हतं.

आता नातेवाईकांचं ऐका. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. एका पेशंटमागं बायको, भाऊ, मावशी, एखादं लेकरू, सोबत गाठोडं, स्टोव्ह, चादरी, कारण घर साठ-सत्तर किलोमीटर आहे अन् संध्याकाळची एसटी चुकली की दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. हे लोक कॉरिडॉरमध्ये झोपतात, मागच्या भिंतीजवळ तीन दगड मांडून भात शिजवतात. दिसायला वाईट दिसते, मान्य आहे. मंग धर्मशाळा बांधा नं बाप्पा. ते नाही. जानेवारीच्या थंडीत सिक्युरिटीवाल्यांनी सगळ्यांना उचललं अन् पार्किंगच्या मागं नेऊन बसवलं, वर नुसती ताडपत्री. एक आजी मला म्हणे, "बाई, माहा पोरगा आत आहे अन् मले काहून बाहेर काढलं वं? म्या काय केलं?" काय सांगू मी तिला? की आजी तू फोटोत येशील म्हणून?

अन् या कॉन्फरन्सची थीम काय होती सांगू का. ग्रामीण आरोग्य.

हसू नका, खरं सांगून राहिली. ऑडिटोरियमच्या दारात तुराट्या अन् पऱ्हाट्यांची झोपडी उभी केली, शेणानं सारवली, कंदील टांगला, बाजूला एक बंडी आणून ठेवली, चाकांना झेंडूच्या माळा, अन् वर बोर्ड "सेल्फी पॉइंट". ओपीडीतून परत चाललेला एक शेतकरी काका बराच वेळ त्या बंडीपाशी थांबला, मला वाटलं त्याला गंमत वाटून राहिली असंल. तो म्हणे, "म्याडम, बैल कुठी हायेत हिचे? का इकले?" मी गप्प. तेवढ्यात व्हॉलंटियर आला अन् काकांना म्हणाला थोडं साइडला व्हा, फ्रेममध्ये येऊन राहिले. खऱ्या शेतकऱ्याला फ्रेमच्या बाहेर काढलं अन् आत नागपूरचा एक पोरगा फेटा बांधून उभा राहिला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्हा पोरींना नऊवारी नेसून पाहुण्यांना ओवाळायला उभं केलं ते तर सोडूनच द्या. साडेचार वर्षं अॅनाटॉमी-फिजिओलॉजी-फार्मॅक कशाला केलं? ताट धरायला?

पण ते जाऊ द्या, ते आमचं दुखणं आहे. खरं दुखणं पेशंटचं. ओपीडी बंद नव्हती, कागदावर पूर्ण सुरू होती, पण अर्धे पीजी हॉल मॅनेजमेंटमध्ये, अर्धे सर लोक सेशन चेअर करायला, इंटर्न रजिस्ट्रेशन डेस्कवर. मोफत उपचाराच्या सरकारी महात्मा फुले योजनेचा जो काउंटर आहे तिथला आरोग्यमित्र, म्हणजे पेशंटचे कागद पाहणारा माणूस, तो पण डेलिगेट किट वाटायला बसवला होता! ज्याच्या सहीसाठी अन् अप्रूव्हलसाठी माणूस रेशनकार्ड, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळपासून उभा राहते, त्याच्या खुर्चीवर "थोड्या वेळात येतो". तो थोडा वेळ संध्याकाळपर्यंत चालला.

त्याच दिवशी सिकलसेलची एक पोरगी आली. लाल कार्डवाली, म्हणजे एसएस पॅटर्न, वाहक नाही, पूर्ण आजार. थंडी पडली की यांचं क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, वाढते हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांमध्ये अडकतात अन् हाडं अशी दुखतात की मोठा माणूस ओरडते. तिला सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन, ऊब, अन् लवकर. कॅज्युअल्टीत मी अन् एक जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट, बाकी सगळे इनॉगरेशनला. आम्ही केलं जे होत होतं ते, सिस्टरनं स्वतःची शाल दिली, दुपारपर्यंत पोरगी जरा शांत झाली. मंग तिचा बाप हायड्रॉक्सीयुरियाची, म्हणजे सिकलसेलच्या औषधाची, चिठ्ठी घेऊन औषधाच्या खिडकीवर गेला तर स्टॉकमध्ये नाही, बाहेरून घ्या. त्याच्या खिशात परतीच्या तिकिटाचे पैसे होते फक्त.

अन् तिकडं ई-पोस्टर हॉलमध्ये सिकलसेलवर सात-आठ पोस्टर!! हॅप्लोटाइप, हिमोग्लोबिन एफ, जीन थेरपी, सगळं. एका पोस्टरवर आमच्याच वॉर्डातल्या पेशंटचा फोटो, डोळ्यावर काळी पट्टी मारलेली. ज्यानं लावला त्याला विचारलं संमती घेतली होती का लेखी, तर म्हणे पट्टी मारली नं. अरे बाबा, मेडिकल जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय कमिटीच्या नियमातच लिहिलं आहे की डोळे झाकले म्हणजे ओळख लपली असं होत नाही. इंटरनॅशनल कॉन्फरन्स आहे तर इंटरनॅशनल नियम तरी पाळा. त्या पेशंटच्या गावात तो फोटो कोणी पाहिला तर हात-पाय पाहूनच ओळखतील.

एक प्रश्न मात्र भारी आला. आफ्रिकेतल्या एका पोरीनं एका पोस्टरवाल्याला विचारलं की हे सगळं ठीक आहे, पण तुमच्या पेशंटला हायड्रॉक्सीयुरिया मिळते कुठून अन् महिन्याला किती लांब जावं लागते? तिच्या देशातही सिकलसेल आहे, तिला माहीत आहे दुखणं कुठं आहे ते. आमच्या पोस्टरवाल्यानं चेअरपर्सनकडं पाहिलं, चेअरपर्सननं घड्याळाकडं पाहिलं, अन् टाइम संपला. मला त्या पोरीला हात धरून औषधाच्या खिडकीवर न्यायचं होतं. एवढं वाटलं की सांगू नये.

प्रोग्राममध्ये व्हिलेज व्हिजिट छापलेली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी. गावात निरोप गेला होता, आशाताईनं बायका गोळा केल्या, कोणाच्या तरी घरी चहाची तयारी. ऐन वेळेवर कॅन्सल. का तर ताडोब्याच्या सफारीचं गेट टायमिंग जुळत नव्हतं. वाघ महत्त्वाचा, बरोबर आहे, वाघाला ताटकळत ठेवता येत नाही. आशाताईचा मला फोन, "म्याडम, पाव्हणे येऊन रायले नं? बाया खोळंबल्या, तूर कापाची सोडून आल्या." तूर कापणीच्या दिवसात एका बाईचा रोज बुडणं म्हणजे काय असते हे त्या ऑर्गनायझिंग कमिटीला कोण सांगणार.

कीनोट कशावर? रोबोटिक सर्जरी अन् एआय. असू द्या, तेही शिकलं पाहिजे. पण थीम ग्रामीण आरोग्य लिहिता तर थोडं तरी ग्रामीण दाखवा नं. दाखवायला कमी आहे का आमच्याकडं? 2017 मध्ये कपाशीवर फवारणी करता करता यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. अजूनही फवारणीच्या सीझनला लाळ गळणारे, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झालेले पेशंट येतात अन् आम्ही रात्रभर त्या विषावरचं अॅट्रोपिन देत बसतो. यावर एक सेशन नाही.

सापाचं घ्या. पावसाळा लागला की आमच्या कॅज्युअल्टीत साप चावल्याशिवाय रात्र जात नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर मिळून एकच अँटिव्हेनम, म्हणजे विष उतरवायचं औषध. घोणशीच्या विषानं रक्त गोठणं बंद होते, ते पाहायला जगातली सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे, काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत दोन-तीन एमएल रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मंग वाकडं करून पाहायचं गोठलं की नाही. नळी काचेचीच लागते, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही अन् टेस्ट फसवते. आता सांगा, त्या काचेच्या नळ्या कितीदा मागितल्या असतील आम्ही? प्रस्ताव पाठवला आहे! अन् कॉन्फरन्सचे मोमेंटो कशाचे होते? काचेचे. हे जाडजूड, त्यात लेझरनं कोरलेली बंडी.

अन् कोणी मला हे सांगू नका की खेड्यात असंच असते, बाहेरच्यांना दाखवायला काहीतरी सजवावं लागते. याच विदर्भात गडचिरोलीला अभय बंग अन् राणी बंग यांच्या 'सर्च'नं गावातल्या बायांना बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, 39 गावांमध्ये नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, अन् ते 1999 साली लॅन्सेट या मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. आज देशभरातल्या आशाताया घरी येऊन बाळाचं वजन करतात, ताप पाहतात, ते तिथूनच आलं. इंटरनॅशनल म्हणतात ते हे. कोणाच्या दारात फेटा बांधून उभं राहावं लागलं नाही त्यांना. आमच्या पोरांना गडचिरोलीचं एक सेशन ठेवलं असतं, आपल्याच माणसांचं काम दाखवलं असतं तर बाहेरच्या पोरांनीही काही नेलं असतं सोबत. त्यांनी काय नेलं? ताडोब्याचे फोटो अन् ती काच.

तेव्हा मी मेसवर हे सगळं बोलली तर एक सीनियर मला समजावतो, "अगं पण हॉस्पिटलची इमेज होते, रँकिंग वाढते, त्यानं पेशंटचाच फायदा नं शेवटी." शेवटी म्हणजे कधी? पाहुण्यांची बस गेटाच्या बाहेर पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्टला कुलूप, वर कागद, "केवळ अधिकृत वापरासाठी". फिल्टर तेवढा सुरू आहे अजून, तो पण काढून नेतील म्हणून मी रोज जाऊन पाहते.

आता शेवटचं, ज्याच्यामुळं हे लिहायला बसली. इंटर्नशिपच्या लॉगबुकवर पोस्टिंग संपल्याची सही पाहिजे. गेली तर क्लार्क काका म्हणतात आधी कॉन्फरन्सची फी भरल्याची पावती आणा. फी सगळ्यांना कम्पल्सरी होती, साडेतीन हजार, स्टायपेंड तीन महिन्यांपासून आला नाही तरी भरली, बाबांकडून मागून भरली. मी म्हटलं काका, पावती कोणालाच दिली नाही, गूगल फॉर्मवर स्क्रीनशॉट टाकायला लावला होता. तर म्हणे तो फॉर्म आता बंद झाला. मंग मी काय करू? म्हणे कमिटीच्या सरांना भेटा. सर कुठं आहेत? म्हणे सर पुढच्या वर्षीच्या कॉन्फरन्सच्या मीटिंगसाठी नागपूरला गेले.