विद्यापीठाचं संध्याकाळचं दार

गुजरातमध्ये 2023 साली सार्वजनिक विद्यापीठांसाठी एकच कायदा आला आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची सिनेट (काही प्रतिनिधी निवडून येणारी मोठी सभा) आणि सिंडिकेट (कारभार पाहणारी समिती) गेली. त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आलं. बडोद्याच्या मराठी घरांत आणि बाहेर राहणाऱ्या बडोदेकरांतही या विषयावर अजून दोन तट आहेत. काहींच्या मते सिनेटच्या निवडणुकीत राजकारणाशिवाय काही उरलंच नव्हतं, गेली ते बरं झालं. बाकीचे म्हणतात, नोंदणीकृत पदवीधरांच्या मतातून शहराला विद्यापीठात जो आवाज होता तोच गेला. मी दुसऱ्या बाजूची आहे. पण ब्रिटनमध्ये राहून विद्यापीठांचे सार्वजनिक कार्यक्रम जवळून पाहिल्यावर असं वाटतं की या वादात एक गोष्ट सुटते आहे: शहराला विद्यापीठ भेटतं ते मुख्यतः संध्याकाळी, सभागृहात.

ब्रिटनमधल्या जुन्या विद्यापीठांत 'कोर्ट' नावाची मोठी सभा असायची. नगरसेवक, व्यापारी, शाळांचे प्रतिनिधी तिच्यात बसायचे. अनेक ठिकाणी ती बरखास्त झाली किंवा नावापुरती उरली. तरी शहराची ये-जा थांबली नाही, कारण सार्वजनिक व्याख्यानांचं वेळापत्रक शाबूत राहिलं. लंडनचं ग्रेशम कॉलेज 1597 पासून लोकांसाठी फुकट व्याख्यानं देतं. तिथे ना विद्यार्थी म्हणून नाव घालायचं असतं ना पदवी असते, फक्त व्याख्यानं. तिथल्याच रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेच्या शुक्रवारच्या आणि नाताळच्या व्याख्यानांची सुरुवात 1825 च्या सुमाराची. मंडळं बदलली तरी वार आणि वेळ लोकांच्या अंगवळणी पडलेली राहते.

बडोद्याला हे परक्याकडून शिकायचं आहे असं मुळीच नाही. गायक मौलाबक्षांची गायनशाळा 1886 ची; आजची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी तिचीच वारस, आणि ती भर वस्तीत, सुरसागरसमोर आहे. सयाजीरावांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून ग्रंथालयांसाठी बोलावलं. त्यांच्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरवल्याच, शिवाय मॅजिक लँटर्न आणि चित्रपटयंत्र घेऊन खेड्यांत फुकट खेळ दाखवले. मराठी साहित्य संमेलन बडोद्यात 1909, 1921, 1934 आणि 2018 असं चार वेळा भरलं. विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स फॅकल्टीच्या फेअरला आणि तिथल्या गरब्याला शहर आपणहून जातं. म्हणजे माणसं नाहीत, रसिक नाहीत, ही तक्रार खरी नाही. एरवीच्या मंगळवारी, कुणी अभ्यासक चांगलं बोलणार असताना, रावपुऱ्यातल्या माणसाला ते कळत नाही. आणि कळलंच तर फाटकावर ओळखपत्र मागतात.

फाटकाचा वाद इथेही आहे. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या बहुतेक इमारती कार्डाशिवाय उघडत नाहीत. फरक एवढाच की सार्वजनिक सभागृह शक्यतो रस्त्याकडच्या बाजूला निवडतात, त्याचं एकच दार अर्धा तास आधी उघडतात आणि आतले जिने, प्रयोगशाळा कुलपात ठेवतात. सुरक्षारक्षकाकडे त्या संध्याकाळचा छापील कागद असतो: कार्यक्रम कुठला, किती वाजेपर्यंत, जबाबदार कोण. बडोद्याला हे जास्त सोपं आहे, कारण तिथलं विद्यापीठ गावाबाहेरच्या एका कुंपणात नसून शहरभर पसरलेलं आहे. सी. सी. मेहता सभागृहासारखी जागा बाहेरच्यांसाठी उघडायला सगळं आवार उघडावं लागत नाही. रक्षकाला तो कागद मात्र मिळायला हवा, कारण ज्याला काही सांगितलेलं नाही तो अडवणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

परवानगीचा प्रश्न याहून मोठा. 2007 मध्ये बडोद्याच्या फाईन आर्ट्समध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून विद्यार्थ्याला अटक झाली आणि प्रभारी डीन निलंबित झाले. ते प्रकरण सर्वांना आठवतं. अशा घटनांनंतरची भीती वर्षानुवर्षं मुरते आणि बहुतेक वेळा तोंडी नकाराच्या रूपात बाहेर पडते: 'सध्या नको', 'वरून विचारून सांगतो'. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1986 च्या शिक्षण कायद्याच्या कलम 43 ने विद्यापीठांवर दोन कामं टाकली. वक्त्याच्या मतांमुळे जागा नाकारायची नाही, जितकं शक्य असेल तितकं. आणि सभांसाठी लेखी नियमावली ठेवायची. त्यातून पाहुण्या वक्त्याचा अर्ज आला. वक्ता कोण, विषय काय, श्रोते कोण, अध्यक्ष कोण एवढं भरायचं, ठरलेल्या मुदतीत उत्तर घ्यायचं, आणि अट घातली तर ती कागदावर.

हीच पद्धत पुढे जाचकही झाली. 2015 च्या दहशतवादविरोधी कायद्याने विद्यापीठांवर आणखी जबाबदारी टाकली, अर्ज लांबले आणि विद्यार्थी मंडळं काही विषयांच्या वाटेलाच जाईनाशी झाली. तेव्हा लंडनचा अर्ज उचलून बडोद्यात लावा असं मी म्हणणार नाही. पण एका पानाचा अर्ज, सात दिवसांत सहीनिशी उत्तर आणि नकार असेल तर कारण, एवढं मागायलाच हवं. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. आणि लेखी होकार हातात असला की गोंधळ घालायला कोणी आलं तर आयोजक विद्यार्थी एकटा पडत नाही.

चित्रपटांच्या बाबतीत गंमत म्हणून सुरू केलेलं काम कायद्यात अडकतं आणि फार थोड्या आयोजकांना ते माहीत असतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवला आणि प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी असली, तर वेगळी परवानगी लागत नाही. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात अशीच सूट आहे, पण निव्वळ पालक असणं तिथे पुरत नाही. याबाबतीत भारतीय कायदा जास्त उदार आहे. मात्र पत्रकावर 'सर्वांना मुक्त प्रवेश' छापलं की दोन्हीकडे ही सूट संपते. तिकीट नसलं तरी संपते. मग निर्मात्याची किंवा वितरकाची लेखी परवानगी लागते. डीव्हीडी विकत घेतलेली असणं किंवा ओटीटीचे पैसे भरलेले असणं ही परवानगी नव्हे, ते घरी बघण्यापुरतं. शिवाय 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे जाहीर खेळाला प्रमाणपत्र लागतं, किंवा महोत्सवासाठी केंद्र सरकारकडून सूट घ्यावी लागते. जुन्या चित्रपटांना एक वाट आहे. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो, म्हणजे 1950 च्या दशकातल्या चित्रपटांचा तो संपलेला आहे. तरीही कथेचे, गाण्यांचे, नव्या उपशीर्षकांचे हक्क वेगळे असू शकतात, ते तपासून घ्यावेत. लघुपट करणाऱ्या तरुणांना थेट पत्र लिहिलं तर परवानगी बहुधा आनंदाने मिळते, आणि ते स्वतः बोलायलाही येतात.

खेळ फसतो तो अगदी साध्या जागी. लॅपटॉप एचडीएमआयने प्रोजेक्टरला जोडला की आवाजही त्याच तारेतून जातो आणि प्रोजेक्टरच्या पोटातल्या टीचभर स्पीकरमधून येतो. सभागृहाचे मोठे स्पीकर मुके राहतात. म्हणून लॅपटॉपमध्ये ध्वनीचा मार्ग बदलून हेडफोनच्या खोबणीतून मिक्सरला वेगळी तार न्यावी. ओटीटीवरून लावलं तर नक्कल रोखणाऱ्या सुरक्षा-कुलपामुळे पडद्यावर नुसता काळोख आणि आवाज चालू, हेही घडतं. सपाट जमिनीच्या सभागृहात पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान सव्वा मीटरवर हवी, नाहीतर उपशीर्षकं पुढच्यांच्या डोक्यांआड जातात आणि बंगाली किंवा मल्याळी चित्रपट बघणाऱ्याला काही कळत नाही. उघड्यावर दाखवायचं असेल तर बडोद्यात जूनमध्ये सूर्य सव्वासातनंतर मावळतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास. त्यानंतर अर्धा तास सोडून खेळ सुरू करावा. ब्रिटनमध्ये जूनचा सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे ही चैन तिथे जवळपास नाहीच.

व्याख्यानात सगळ्यात जास्त माणसं गमावतात ती आवाजापायी. वयस्कर श्रोता एकदा येतो, त्याला ऐकू येत नाही, पुन्हा येत नाही. कोणाला सांगतही नाही. जुन्या, उंच छताच्या दालनात आवाज घुमतो. तिथे दोन मोठे स्पीकर जोरात लावण्यापेक्षा चार लहान स्पीकर श्रोत्यांच्या कानांच्या थोडे वर आणि हलक्या आवाजात लावावेत. मध्यावर ठेवलेल्या जोडीला पुढच्या जोडीपासूनच्या दर मीटरला साधारण 3 मिलिसेकंद उशीर द्यावा, म्हणजे शब्द दोनदा येत नाही. माईक कधीही स्पीकरच्या पुढे नको, शिट्टी तिथेच वाजते. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर. वर पंखा असेल तर माईकला फोमची टोपी हवीच, नाहीतर सभागृहभर वाऱ्याची घरघर. हातातला माईक तोंडापासून चार बोटं. वक्ता 'मला माईकची गरज नाही' म्हणाला तरी द्यावा, कारण गरज त्याला नसून शेवटच्या रांगेला आहे.

प्रश्नांसाठी निदान दोन फिरते माईक हवेत आणि ते विद्यार्थ्यांच्या हातात हवेत. माईक नसेल तर अध्यक्षांनी प्रत्येक प्रश्न पुन्हा म्हणायचा; नाहीतर ध्वनिमुद्रणात फक्त उत्तरं उरतात. पहिला प्रश्न विद्यार्थ्याला द्यावा. ब्रिटनमधल्या चांगल्या अध्यक्षांची ही सवय मला फार आवडते, कारण पहिला प्रश्न ज्येष्ठांचा आला की मागची मुलं गप्प बसतात.

आणि वेळ. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, प्रत्येक पाहुण्याचा परिचय, शाल-श्रीफळ, सत्काराला उत्तर आणि शेवटी सविस्तर आभार. दीड तासाच्या कार्यक्रमात यालाच सहज चाळीस मिनिटं जातात आणि ज्याला ऐकायला लोक आले त्याला 'वेळेअभावी आटोपतं घ्या' अशी चिठ्ठी येते. सत्काराला माझा विरोध नाही. बाहेरगावाहून आलेल्या विद्वानाचा मान राखणं ही आपली चांगली रीत आहे. तो व्याख्यान संपल्यावर, दोन मिनिटांत करावा. परिचय पत्रकावर छापावा. वक्त्याला 45 मिनिटं, प्रश्नांना 30, बाकी सगळं मिळून 10. पुढच्या दोन रांगांतले राखीव सोफे सुरुवातीच्या वेळी रिकामे असतील तर सर्वांना खुले करावेत.

भाषेबद्दल बडोद्याकडे जे आहे ते ब्रिटनकडे नाही. विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी, शहर गुजराती, आणि दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत मराठी घरं, ज्यांना तिन्ही कळतात. बोर्डन यांच्या काळी ग्रंथालय खात्याचं नियतकालिकही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. आज विद्यापीठाचं निमंत्रण बहुधा एकट्या इंग्रजीत असतं आणि शीर्षक शोधनिबंधाचं. व्याख्यान इंग्रजीत असलं तरी शीर्षक आणि चार ओळींचा सारांश गुजराती-मराठीत द्यावा, प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येईल हे छापावं, आणि अध्यक्षांनी गरज पडली तर भाषांतर करावं. मराठी वाङ्मय परिषदेसारख्या संस्थांकडे हे करू शकणारी माणसं आहेत. त्यांना आधी विचारायला हवं.

ब्रिटनमध्ये व्याख्यान संपलं की अर्ध्या तासात दिवे मालवतात, रखवालदाराची पाळी संपते. फुकट जागा आगाऊ नोंदवून न येणारे खूप, म्हणून सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधी रिकाम्या खुर्च्या रांगेतल्यांना देतात. बाहेर चहाची टपरी नाही, पायरीवर उभं राहून वक्त्याशी वाद घालणारं कोणी नाही. बडोद्यात तो वाद अजून होतो. तो टिकवायचा तर सभागृह किमान तासभर उशिरापर्यंत उघडं ठेवायला लागेल, आणि रखवालदाराला त्या तासाचे पैसे.

कामाची सुरुवात एका माणसापासून होऊ शकते. विद्यापीठात एका कर्मचाऱ्याकडे सगळ्या फॅकल्टींच्या सार्वजनिक कार्यक्रमांची एकच यादी असावी. जूनमध्ये जुलै ते डिसेंबरच्या तारखा गोळा कराव्यात. नवरात्र, दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचे आठवडे आधीच काढून टाकावेत, म्हणजे एकाच संध्याकाळी तीन व्याख्यानं आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही असं होणार नाही. ती यादी मध्यवर्ती ग्रंथालयाच्या फलकावर लागावी, वर्तमानपत्रांना जावी. आणि कार्यक्रम किती वाजता सुरू होणार याच्या शेजारी किती वाजता संपणार तेही छापावं; मांजलपूरहून बसने येणाऱ्या माणसाला आधी तेच बघायचं असतं.