समुद्र कुठल्या हाताला?

रविवारच्या पोह्यांचं बिल मी दिलं. अकरा प्लेट पोहे, पाऊण किलो जिलेबी आणि तात्यांचा वेगळा, बिनसाखरेचा चहा. पैशांचं काही नाही. (म्हणजे आहे, पण तसं म्हणायचं नसतं.) दुखणं वेगळंच आहे.

मुलगा ब्रिस्टलला असतो. चार वर्षांत दोनदा त्याच्याकडे गेलो आणि तिथल्या साउथ वेस्ट कोस्ट पाथचे तीन तुकडे चाललो. माइनहेडहून निघून पूल हार्बरपर्यंत जाणारी, ६३० मैलांची समुद्रकाठची पायवाट. माझे झाले जेमतेम ३५ मैल. या वेगाने उरलेली वाट संपायला ६८ वर्षं लागतील, हा हिशेब मी बायकोला सांगितलेला नाही.

तर रविवारी रामबागेतल्या आमच्या पोहेमंडळात विषय निघाला. निघाला म्हणजे मीच काढला. तात्यांनी पोह्यांवर जीरावण भुरभुरवत विचारलं, "म्हणजे खंड परिक्रमा करून राहिलास?"

"परिक्रमा नाही तात्या. नुसतं चालणं."

"नुसतं कोण चालतं?" तात्यांनी मंडळाकडे पाहिलं. मंडळाने मान हलवली. इंदूरात नळालाही नर्मदेचंच पाणी येतं, त्यामुळे परिक्रमेचा विषय निघाला की प्रत्येकजण अधिकारी. "समुद्र कुठल्या हाताला होता?"

आता गंमत अशी, की माइनहेडहून निघालं की समुद्र शेवटपर्यंत उजव्याच हाताला राहतो, परिक्रमेत नर्मदा राहते तसा. मी ऐटीत सांगितलं, "उजव्या!" इथे थांबायला हवं होतं. पण खरं बोलायची खाज. "फक्त पहिला तुकडा उलटा केला. गाडी माइनहेडला ठेवली, बसने पोरलॉक वेअरला गेलो आणि तिथून चालत परत आलो."

"मग समुद्र?"

"डाव्या हाताला."

"बाद," तात्या म्हणाले आणि सेव मागितली.

नऊ मैल गेले. मी म्हटलं, अहो, ती वाट मुळात चोरटा माल पकडायला गस्त घालणाऱ्या तटरक्षकांची. त्यांना प्रत्येक कपारीत डोकावायचं असायचं, म्हणून ती प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरते आणि पुन्हा कड्यावर चढते. सगळी चढण एकावर एक रचली तर ३५,००० मीटर, जवळजवळ चार एव्हरेस्ट. तिथल्या सगळ्यांत उंच टेकाडाचं नावच 'ग्रेट हँगमन', थोरला फाशीवाला. ३१८ मीटर. मी वर पोचलो तेव्हा नावाचा अर्थ आपोआप कळला.

"ते असू दे. पुढे खाड्या लागतात, तिथे काय करणार?"

"होडी असते."

"बाद."

"तात्या, परिक्रमेतही विमलेश्वरहून मिठी तलाईला होडीनेच जातात!"

"ती समुद्रातून वळसा घालून जाते. मैयाला ओलांडत नाही. तुझी होडी ओलांडते?"

ओलांडते. काय बोलणार? मी अजून न केलेले तुकडेही बाद झाले.

"मूर्ती किती होतात?"

परिक्रमेत माणसांना मूर्ती म्हणतात. "दोन. मी आणि पोरगा."

"सदाव्रत?"

"तिथे फुकट शिधा कुठला? खोलीचं भाडं घेतात, तात्या. नाश्ता त्यातच."

तात्यांनी अशा चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं, जणू मी लाच देऊन चाललो. मग शेवटचा प्रश्न आला. "कढाई केलीस?" कढाई म्हणजे परिक्रमेचा प्रसाद. नव्हती केली. एवढ्या अंतरासाठी निदान शिरा तरी वाटायला हवा होता, असं मंडळाचं एकमत झालं, शिरा नाही तर पोहे चालतील, असं दुसरं एकमत झालं आणि पोहेवाला "भिया, ग्यारह लगा दूँ?" म्हणत तयारच होता.

आता मुद्द्याचं. तात्यांची स्वतःची परिक्रमा एसी बसमधून झाली आहे. पंधरा दिवसांत. चालणं झालं ते बसपासून घाटापर्यंत. हे मला तेव्हा सुचलं नाही. रात्री अडीच वाजता सुचलं. तेव्हापासून रोज सुचतंय.

आणि सराव तरी करणार कुठे? तिकडे वाटेवरच्या खांबांवरची ओकच्या फळाची खूण बघत जा, वाट तुमचीच. इथे २०१७ पासून आमचं शहर स्वच्छतेत देशात पहिलं येतंय, त्याचा अभिमान आहेच. फुटपाथवर कागदाचा कपटा दिसणार नाही. मोटारसायकली दिसतील. उभ्या आणि चालत्या. मागून हॉर्न वाजवून आपल्यालाच रस्त्यावर उतरवतात. परवा एक मुलगा म्हणाला, "अंकल, साइड से चलो ना." साइडनेच चाललो होतो रे बाबा, यापेक्षा साइडला नाला आहे.

काल रात्री ब्रिस्टलला फोन लावला. विचारलं, माइनहेडहून पोरलॉक वेअरला चालत गेलो तर संध्याकाळी परतीची बस मिळते का?

"बाबा, तो तुकडा झालाय आपला."

म्हटलं, "तो बाद आहे."