अनुयायी कोणाचे, खेळाडूचे की डीएमचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेला दोन ओळींत उत्तर देणे योग्य झाले नसते, म्हणून सवडीने लिहीत आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिकाखेळात खालच्या लेव्हलचे, म्हणजे कमी ताकदीचे, अनुयायी सोबत घेऊन फिरणाऱ्या पार्टीविषयी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या चमूविषयी, मी असे सुचवले होते की, प्रत्येक अनुयायाला नाव असावे, लढाईत त्याला स्वतंत्र पाळी मिळावी आणि कठीण प्रसंगी त्याचे मनोधैर्य फाशांवर तपासले जावे. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत. आपल्या टेबलावर बारा अनुयायी आहेत आणि त्यामुळे एकेका लढाईत अख्खे सत्र खर्ची पडते, हा पहिला. पाचव्या लेव्हलनंतर हे लोक नुसते बाजारबुणगे उरतात आणि एका फायरबॉलमध्ये, म्हणजे आगीच्या गोळ्याच्या एका मंत्रात, संपतात, हा दुसरा. खेळाडूने कष्टाने मिळवलेले अनुयायी डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने, फासे टाकून पळवून लावणे म्हणजे दिलेले बक्षीस परत काढून घेणे होय, हा तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. प्रत्येकाला स्वतंत्र पाळी द्यावी हा माझा सल्ला तीन-चार अनुयायांपुरता ठीक होता. बारांना तो लागू पडत नाही, आणि तसे मी तेव्हाच लिहायला हवे होते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतील 2014 च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये जमावाच्या हल्ल्यासाठी एक तक्ता दिलेला आहे, तो अशा वेळी फार उपयोगी पडतो. वार लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किमान किती यावे लागतात एवढेच पाहायचे. 6 ते 12 यावे लागत असतील तर दर दोन हल्लेखोरांमागे एक वार लागला असे धरायचे, आणि 13 किंवा 14 यावे लागत असतील तर दर तिघांमागे एक. साध्या पहारेकऱ्याला वारासाठी फाशावर +3 मिळतात, म्हणजे 16 आर्मर क्लासच्या (वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा) शत्रूविरुद्ध त्याला फाशावर 13 हवेत. असे दहा भालेकरी एकत्र तुटून पडले की तीन वार लागले, प्रत्येकी सरासरी 4 प्रमाणे शत्रूचे 12 हिट पॉइंट, म्हणजे जीवगुण, गेले, आणि एकही फासा न टाकता पाळी पुढच्याकडे गेली. ज्या खेळाडूचे अनुयायी आहेत त्याच्याच इनिशिएटिव्हवर, म्हणजे त्याच्या पाळीच्या क्रमावर, सगळ्यांना हलवले की वेळेचा प्रश्न बव्हंशी सुटतो.

दुसऱ्या आक्षेपातील हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. फायरबॉलचे नुकसान सहा बाजूंच्या आठ फाशांचे, म्हणजे सरासरी 28. पहारेकऱ्याचे हिट पॉइंट 11. त्याचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, यशस्वी होऊन नुकसान निम्म्यावर आले तरी ते 14 भरते आणि तो बहुधा मरतोच. साध्या गावकऱ्याचे तर 4 च हिट पॉइंट असतात. मात्र यातून अनुयायी निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांना ड्रॅगनच्या गुहेत नेऊ नये, एवढेच ठरते. पार्टी गुहेत उतरते तेव्हा वर खेचरे कोण सांभाळतो, परतीचा पूल कोण राखतो, जखमी पात्राला मागे कोण नेतो, सापडलेला खजिना तळापर्यंत कोण वाहतो, या प्रश्नांची उत्तरे बहुतेक मोहिमांत कोणी विचारतच नाही, कारण ती कामे आपोआप झाली असे मानले जाते. ती कामे खरोखर कोणाला तरी करावी लागतात असे ठरवून पाहा. पहिल्या लेव्हलच्या माणसाची किंमत तेव्हा कळते, आणि पार्टीच्या नवव्या लेव्हललाही ती उतरलेली नसते.

अनुयायी लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवगुणांचा वाटा खातात, असेही आपण ओघात म्हटले आहे. याच खेळाच्या 1981 च्या बेसिक नियमांत सोबत्याला, म्हणजे कामावर ठेवलेल्या अनुयायाला, अर्धा वाटा दिलेला आहे. चार पात्रे, दोन सोबती आणि 1000 गुण असतील तर पात्रांना प्रत्येकी 200 आणि सोबत्यांना प्रत्येकी 100 मिळतात. सोबती नसते तर पात्रांना 250 मिळाले असते. मला तरी हा सौदा महाग वाटत नाही.

आता तिसरा आक्षेप. मनोधैर्याची कसोटी हे डीएमच्या हातातले हत्यार आहे असे आपण गृहीत धरले आहे. त्याच बेसिक नियमांत सोबत्याचे मनोधैर्य त्याला कामावर ठेवणाऱ्या पात्राच्या करिझ्मावरून, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या आकड्यावरून, ठरते. करिझ्मा 9 ते 12 असेल तर जास्तीत जास्त चार सोबती आणि त्यांचे मनोधैर्य 7; करिझ्मा 18 असेल तर सात सोबती आणि मनोधैर्य 10. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि बेरीज मनोधैर्यापेक्षा जास्त आली तर सोबती कच खातो. म्हणजे मनोधैर्य 7 असताना 36 पैकी 15 शक्यतांमध्ये तो डगमगतो आणि 10 असताना 36 पैकी फक्त 3 शक्यतांमध्ये. हा आकडा डीएमने मनात येईल तसा ठरवलेला नसतो. तो खेळाडूच्या पात्रातून येतो आणि त्या पात्राच्या वागणुकीनुसार वरखाली होतो. पुढे तिसऱ्या आवृत्तीतील लीडरशिप फीटने, म्हणजे पात्राला घेता येणाऱ्या नेतृत्वाच्या खास कौशल्याने, हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे मांडले. तेथे क्रूरपणाबद्दल नेतृत्वाच्या आकड्यातून 2 गुण कापले जातात, अनुयायांच्या मृत्यूला कारणीभूत ठरल्यास 1 गुण, आणि तळ किंवा गढी असल्यास 2 गुण वाढतात. तक्त्यात 10 गुणांना पहिल्या लेव्हलचे पाच अनुयायी मिळतात आणि 9 गुणांना एकही नाही. आपल्या माणसांना ढालीसारखे वापरणाऱ्या नायकाकडे नवी माणसे येत नाहीत, हे त्या नियमाने एका गुणाच्या फरकात सांगून टाकले आहे.

आमच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. पाण्यात बुडालेल्या एका देवळात पार्टी उतरली होती. मशाल धरायला ठेवलेली मुलगी फक्त पायऱ्यांपर्यंत येणार, असे कामावर घेतानाच ठरले होते. तिचे हिट पॉइंट 4, मनोधैर्य 7. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा तिच्या मालकाचे पात्र खेळणाऱ्याने तिला पुढे जाण्याचा हुकूम दिला. मी सर्वांसमोर फासे टाकले, 9 आले. तिने मशाल भिंतीच्या फटीत नीट खोचली आणि ती पायऱ्या चढून पळाली. खेळाडू रागावला, आणि आपण लिहिलेला शब्दच त्याने वापरला, "बक्षीस". पण उजेड जागेवरच होता, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली. लढाई संपल्यावर तो वर गेला तेव्हा ती खेचरांपाशी उभी होती. सामान लादलेले होते, पण ती गेली नव्हती. त्याने तिला काढून टाकले नाही. यापुढे ठरल्याबाहेरचे काम आधी विचारल्याशिवाय सांगणार नाही, असा शब्द त्याने दिला, आणि मी तिचे मनोधैर्य 8 केले. त्यामुळे तिच्या डगमगण्याच्या शक्यता 36 पैकी 15 वरून 10 वर आल्या. त्या एका फाशाने तो अनुयायी त्याच्याकडून हिरावला गेला असे मला अजूनही वाटत नाही; उलट त्या दिवसापर्यंत ती त्याच्या सामानाच्या यादीतली एक ओळ होती.

हुकूम काय द्यायचा हे सर्वस्वी खेळाडूच्या हाती असावे. तो मानणे अनुयायाच्या जिवावर बेतणारे असेल तेव्हाच फासे पडावेत, एवढीच माझी मांडणी आहे. रोजच्या कामासाठी कसोटी घेऊ नये, आकडा खेळाडूला आधी ठाऊक असावा आणि फासे उघड्यावर टाकावेत. डीएमने पडद्याआड फासे टाकून हव्या त्या क्षणी माणसे पळवली, तर आपला आक्षेप शब्दशः खरा ठरेल आणि तेथे मी आपल्या बाजूने उभा राहीन.

आपल्या बारा जणांपुरते विचाराल तर मी चौघांना तळावर खेचरांपाशी ठेवीन, सहा जणांची एक तुकडी करून तिचे मनोधैर्य एकाच फाशात तपासीन, आणि उरलेल्या दोघांनाच नाव, स्वभाव आणि स्वतःची पाळी देईन. ते दोघे कोण असावेत, हे मात्र आपल्या खेळाडूंना निवडू द्या.