बास म्हणायचे नाही

ज्या माशाच्या स्पर्धांविषयी येथे मार्गदर्शन करायचे आहे, त्याचे नाव बास. अमेरिकेत त्याचा उच्चार ‘बॅस’कडे झुकतो, पण आपल्याला ‘बास’ हेच अधिक सोयीचे आहे. कारण पंगतीत वाढप्याचा हात ज्या शब्दाने थांबवायचा, तो शब्द या खेळात उतरलेल्या माणसाने निदान पैशांच्या संदर्भात कधीही उच्चारायचा नसतो. एवढे पथ्य पाळण्याची तयारी असेल, तरच पुढे वाचावे.

असे धरून चालू की आपण टेनेसी राज्यातील एका गोदामात माल उतरवण्याचे काम करता, तासावर पगार घेता आणि शनिवारी पहाटे ॲल्युमिनियमची सोळा फुटी जुनी होडी घेऊन जवळच्या तलावावर जाता. लहानपणापासून गळ टाकत आल्यामुळे मासा कुठे असेल हे आपल्याला पाण्याच्या रंगावरून कळते, आणि मित्र म्हणतात की तू व्यावसायिक व्हायला हवे होतेस. या मित्रांपैकी एकानेही अद्याप खिशात हात घातलेला नाही, ही बाब मनाला लावून घेऊ नये. हा सामान्य माणसाचा खेळ आहे, असे आपण दूरचित्रवाणीवर ऐकले असेल. येथे उंची लागत नाही, वेग लागत नाही आणि वयाचीही अट नाही. हे अगदी खरे आहे. रिक क्लन यांनी २०१९ साली फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीवर एलिट या वरच्या पातळीच्या व्यावसायिक मालिकेतील स्पर्धा वयाच्या ७२ व्या वर्षी जिंकली. येथे लागते ती एकच गोष्ट, आणि ती शरीरात नसते.

सर्वप्रथम आपली होडी विकून टाकावी. तिचे जे काही येतील त्यात नव्या होडीवर घालायचे आच्छादन बहुधा येईल. व्यावसायिक स्पर्धकाची होडी वीस-एकवीस फूट लांब, फायबरग्लासची आणि चमकी मिसळलेल्या रंगाची असते, व तिच्या पाठीशी अडीचशे अश्वशक्तीचे इंजिन असते. अडीचशे ही नियमाने घातलेली मर्यादा आहे, यावरून माणसाच्या स्वाभाविक इच्छेची कल्पना यावी. पूर्ण वेगात असताना हे इंजिन तासाला वीस गॅलनहून अधिक पेट्रोल पिते. इतक्या वेगाने जायचे कुठे, तर मासा जिथे गुपचूप बसला आहे तिथे. आणि पोहोचल्याबरोबर आवाज होऊ नये म्हणून ते इंजिन बंद करून पुढच्या टोकाला बसवलेली विजेची छोटी मोटर चालवायची, जिची किंमत पुन्हा काही हजार डॉलर असते. सर्व सज्जतेसह अशा नव्या होडीसाठी ९० हजार डॉलर धरणे हे काटकसरी माणसाचे लक्षण मानले जाईल. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. त्या दराने आठवड्याला ४० तास, वर्षाचे बावन्न आठवडे काम केले आणि दरम्यान काहीही खाल्ले नाही, तर सुमारे सहा वर्षांत होडी आपली होते. आपला दर याहून बरा असेल, तर उपास त्या प्रमाणात कमी करावेत. होडी ओढण्यासाठी लागणारा डिझेलचा ट्रक या हिशेबात धरलेला नाही, कारण एका परिच्छेदात माणसाला किती घाबरवावे यालाही मर्यादा आहे.

अलाबामात स्थायिक झालेल्या माझ्या मावसभावाच्या शेजाऱ्याची अशी एक होडी मी जवळून पाहिली आहे. गॅरेज दोन मोटारींचे होते. होडी आत होती आणि दोन्ही मोटारी बाहेर ऊन खात उभ्या होत्या. त्याने होडीच्या पृष्ठभागावरची झाकणे एकेक करून उघडून दाखवली. एका कप्प्यात जाळीदार मोजे घातलेल्या काठ्या शिस्तीत निजलेल्या होत्या, आणि दुसऱ्यात नरम प्लॅस्टिकच्या गांडुळांच्या पिशव्या रंगवारीने लावलेल्या होत्या. त्यांतल्या एका पिशवीचे तोंड त्याने उघडले मात्र, लसणाचा असा दरवळ सुटला की कुठेतरी फोडणी पडली असे मला वाटले. माशाला लसूण आवडतो का, असे मी विचारले. त्याचे मला काही सांगता येणार नाही, पण लसणाचे घेतले की मला बरे वाटते, असे तो प्रामाणिकपणे म्हणाला. तेवढ्यात त्याची पत्नी आली. ती परिचारिका होती, रात्रपाळी करून आली होती, आणि होडीकडे न पाहता, भिंत व होडी यांच्यामधल्या फटीतून सवयीने आडवी होत घरात गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असे आपल्याकडे म्हणतात. येथे मात्र कोंबडीही शेवटी पाण्यात सोडून द्यायची असते, कारण पकडलेला मासा जिवंत परत सोडावा हा आग्रह या स्पर्धांचे जनक रे स्कॉट यांनी १९७२ पासून धरला आणि मेलेला मासा तराजूवर आणणाऱ्याला दंड बसतो.

होडी आली म्हणजे डोळे विकत घ्यावे लागतात. पाण्याचा रंग, पक्ष्यांची हालचाल, बुडालेल्या झाडाची जागा वगैरे जे आपण वीस-पंचवीस वर्षांत शिकलात, ते उत्तम आहे आणि नातवंडांना सांगायला उपयोगी पडेल. २०१८ साली लाइव्हस्कोप नावाचे समोरच्या दिशेने पाहणारे सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणारे यंत्र, बाजारात आले आणि तेव्हापासून होडीच्या टोकावर उभे राहून पडद्यावर मासा हलताना पाहता येतो. आमिष त्याच्या नाकाशी गेले की तो वळला, मागे लागला, की तोंड फिरवून निघून गेला, हेही दिसते. पडदे एकाहून अधिक लागतात, आणि त्यांना वीज पुरवण्यासाठी लिथियमच्या बॅटऱ्या लागतात. हा प्रकार इतका वाढला की एलिट मालिकेच्या चालकांना २०२५ पासून एका होडीवरील सर्व पडद्यांचे माप मिळून ५५ इंचांपेक्षा अधिक नसावे असा नियम करावा लागला. आपल्या घरातला दूरचित्रवाणी संच बहुधा याहून लहान असेल. तो पाहण्याची वेळ यापुढे फारशी येणार नसल्यामुळे त्याचीही विक्री करता येईल.

आता प्रवेशशुल्क. रे स्कॉट या विमा विकणाऱ्या गृहस्थांनी जून १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर तलावावर पहिली मोठी बास स्पर्धा भरवली, तेव्हा १०६ जणांनी प्रत्येकी १०० डॉलर भरले आणि पहिले बक्षीस २,००० डॉलरचे होते. गोळा झाले दहा हजार सहाशे, विजेत्याला मिळाले दोन हजार. या साध्या वजाबाकीवर पुढे एक आख्खा उद्योग उभा राहिला, यात विमा व्यवसायाचा अनुभव किती कामी आला असेल हे जाणकारांनी ठरवावे. त्या वर्षीच्या १.४० डॉलर किमान वेतनाने ते १०० डॉलर कमावायला सुमारे ७१ तास लागत. आज एलिट मालिकेत शिरण्याची वाट ज्या खुल्या पात्रता स्पर्धांतून जाते, त्यांतल्या एकेका स्पर्धेचे शुल्क दोन हजार डॉलरच्या आसपास आहे, म्हणजे आजच्या किमान वेतनाचे पावणेदोनशे नव्हे, पावणेतीनशे तास. अशा स्पर्धा वर्षात अनेक करायच्या, प्रत्येकीत दोनशेच्या आसपास होड्या, आणि वर्षअखेर वर जाणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गेलात तर अभिनंदन. वरच्या मालिकेचे एका हंगामाचे शुल्क ४० हजार डॉलरहून अधिक आहे. अमेरिकेतील मध्यम कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २०२३ मध्ये ८०,६१० डॉलर होते, म्हणजे अर्धे घर आपल्याकडे उरतेच. प्रत्येक स्पर्धेत विजेत्याला एक लाख डॉलर मिळतात हेही विसरू नये. शंभरेक स्पर्धकांपैकी जे खालच्या निम्म्यात राहतात, त्यांना मिळतो तो अनुभव. आणि विजेत्याच्या हातातल्या त्या मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशात आपलेही काही डॉलर आहेत, हे समाधान कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

शुल्क न घेणारी मालिकाही निघाली होती. मेजर लीग फिशिंग या दुसऱ्या संस्थेची बास प्रो टूर २०१९ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्पर्धकांकडून प्रवेशशुल्क घेण्यात आले नाही. अट एवढीच होती की आमंत्रण यावे लागे, आणि ते ८० नावाजलेल्या खेळाडूंना आले. ज्यांना शुल्क परवडत होते त्यांना ते माफ झाले, हे आपल्याला चमत्कारिक वाटत असेल, तर आपण अद्याप कर्ज घेण्यासाठी बँकेत गेलेले दिसत नाही.

रजेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे, कारण तो सुटणारच नसतो. सरावाचे दोन-तीन दिवस, स्पर्धेचे चार आणि जाण्यायेण्याचे चार असे दिवस प्रत्येक स्पर्धेला जातात. स्पर्धा फ्लोरिडापासून न्यूयॉर्क राज्याच्या कॅनडाकडील टोकापर्यंत पसरलेल्या असतात, आणि अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पगारी रजेचा हक्कच नाही. तेव्हा नोकरी सोडणे उत्तम. नोकरीबरोबर आरोग्य विमाही जातो, म्हणून या खेळातले अनुभवी लोक नवख्यांना जो खरा सल्ला देतात तो मीही देतो: विवाह शाळेतील शिक्षिकेशी किंवा परिचारिकेशी करावा. काठी कोणती, दोरा कोणता, यावर त्यांच्यात कडाक्याचे मतभेद आहेत; या मुद्द्यावर मी कोणाचा मतभेद ऐकलेला नाही. आपण आधीच विवाहित असाल आणि पत्नी कुठे नोकरी करत नसेल, तर हा लेख तिला दाखवू नये.

प्रायोजक मिळवणे ही वेगळी कला आहे. स्पर्धकाचा सदरा पाहिला की वाटते, याला पंधरा कंपन्या पोसतात. आपण अर्ज केलात तर आपलेही नाव एखाद्या कंपनीच्या ‘प्रो-स्टाफ’मध्ये येऊ शकते, आणि मग टपालाने एक पत्र, दोन चिकटपट्ट्या व सवलतीचा एक कोड येतो, ज्याच्या आधारे त्याच कंपनीचा माल आपल्याला काही टक्के कमी दरात विकत घेता येतो. बदल्यात आपण होडीवर, ट्रकवर आणि स्वतःच्या छातीवर त्यांचे नाव लावून गावोगाव फिरायचे. ज्याच्याकडून माल विकत घ्यायचा त्याचीच जाहिरात फुकट करायची ही रीत कोणाला विचित्र वाटेल. पण गळाला लागलेला मासाही काही काळ आपणच दोरा ओढतो आहोत अशा समजुतीत असतो.

मनोधैर्य खचू लागले की थोरांची चरित्रे आठवावीत. रिक क्लन ह्यूस्टनमधील संगणकाची नोकरी सोडून १९७४ मध्ये या खेळात आले आणि पुढे बासमास्टर क्लासिक ही या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा चार वेळा जिंकले; त्याच काळात नोकरी सोडून जे पुन्हा नोकरी शोधू लागले त्यांची चरित्रे उपलब्ध नसल्यामुळे वाचकाचा वेळ वाचतो. ब्रायन कर्चल हा कनेक्टिकटमधील तरुण तर उपाहारगृहात स्वयंपाकी होता. स्थानिक क्लबांच्या वाटेने तो १९९३ च्या क्लासिकपर्यंत पोहोचला आणि शेवटचा आला. पुढल्या वर्षी तो पुन्हा पोहोचला आणि वयाच्या २३ व्या वर्षी चक्क जिंकला. क्लबांतून आलेला हौशी माणूस क्लासिक जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच डिसेंबरात विमान अपघातात तो गेला, आणि त्याच्याविषयी उपरोधाने लिहिण्याचा मला धीर नाही. एवढेच म्हणतो की सामान्य माणसाला हे जमते का, असे विचारले की त्या जगातले लोक अजूनही त्याचेच नाव घेतात, आणि मधे तीस वर्षे गेली आहेत.

काही उतावीळ मंडळी आडवाटेने जातात. २०२२ साली क्लीव्हलँड येथे वॉलाय माशांच्या एका स्पर्धेत विजयी माशांची पोटे कापली तेव्हा आत वजन वाढवण्यासाठी भरलेले शिशाचे गोळे निघाले; दोघांना दहा दिवसांचा तुरुंगवास झाला आणि होडीही गेली. हा मार्ग मी सुचवत नाही. मोठ्या बास स्पर्धांत विजेत्याची खोटेपणा पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी होऊ शकते, आणि ‘हे सर्व तुम्हाला परवडते का’ असा प्रश्न कोणी सहज विचारला तर सुई कुठे जाईल याचा भरवसा नाही. कर खात्याचा प्रश्न जवळपास हाच असतो: पाचांपैकी तीन वर्षे नफा दाखवलात तर हा व्यवसाय आहे असे ते गृहीत धरतात, नाहीतर तो छंद नव्हे हे आपल्याला पटवून द्यावे लागते. पत्नीला ते आधीच पटवलेले असल्यास सराव झालेला असतो.

एका मोहापासून मात्र सावध राहावे. मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटलेली माणसे गावातल्या तलावाच्या धक्क्यावर जमतात, दर होडीमागे वीस-तीस डॉलर टोपीत टाकतात, अंधार पडेपर्यंत गळ टाकतात आणि ज्याचे पाच मासे सर्वांत जड तो टोपी घेऊन घरी जातो. तिथे सदऱ्यावर कोणाचे नाव नसते, आणि बुधवारी सकाळी सगळे कामावर हजर असतात. अशा ठिकाणी रमलेला माणूस व्यावसायिक होत नाही.

त्याहूनही घातक कथा जॉर्ज पेरी याची आहे. जॉर्जियातला हा वीस वर्षांचा शेतकरी २ जून १९३२ रोजी, पावसाने शेतात काम करता येत नव्हते म्हणून, मित्राबरोबर माँटगोमेरी तलावावर गेला. दोघांत आमिष एकच असल्याने ते आळीपाळीने गळ टाकत होते. त्याला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास लागला. जपानमधील बिवा सरोवरात २००९ साली मिळालेल्या एका माशाने त्या विक्रमाशी बरोबरी केली, पण तो मोडलेला नाही. पेरीला एका मासिकाच्या स्पर्धेत ७५ डॉलरच्या वस्तू मिळाल्या, आणि मासा घरच्यांनी शिजवून खाल्ला. प्रायोजकांना पाठवायच्या अर्जात हा प्रसंग चुकूनही घालू नये.