अल्ट्रासोनिक टेस्टने पिलरला तडे जात नाहीत, गर्भालाही काही होत नाही

आमच्या काकूंनी सातव्या महिन्यातल्या सुनेला घाईघाईने माहेरी धाडलं. का, तर सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटवाले येणार आणि त्यांच्या मशीनमधून ‘सोनोग्राफीचे किरण’ सुटतात, असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला होता. सुनेची खरीखुरी सोनोग्राफी याच काकूंनी हौसेने करून आणली होती, ती मात्र चालली!

‘सभासदांनो, जागे व्हा’ अशी सुरुवात असलेला हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. ऑडिटमधल्या अल्ट्रासोनिक टेस्टबद्दल (कानाला न ऐकू येणारा आवाज काँक्रीटमधून सोडायचा आणि तो पोचायला लागलेला वेळ मोजायचा) त्यातले पाच दावे असे: या टेस्टने काँक्रीट आतून भुसभुशीत होतं आणि गरोदर बायकांना धोका असतो, ध्वनी तडा ओलांडून जातो, त्यामुळे तडा सापडतच नाही, जुन्या मिस्त्रींना हातोडीच्या आवाजावरून सगळं कळायचं, रीडिंग हवं तसं काढता येतं, आणि तडा दिसला तर पांढरं सिमेंट भरून रंग मारला की काम झालं.

पहिला दावा वाचून हसावं की रडावं कळेना. हे किरण नाहीत, हा आवाज आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. काँक्रीटसाठी सहसा ५४ किलोहर्ट्झचे प्रोब (एक आवाज सोडणारा, एक टिपणारा) वापरतात. सोनोग्राफीतला आवाज याच्या कितीतरी पट वरचा, मेगाहर्ट्झमधला. तो काँक्रीटमध्ये चालतच नाही, खडी त्याला विखरून टाकते. भुसभुशीत होण्याचं म्हणाल, तर फोटो टांगायला ड्रिल मारताना पिलरला जो हादरा बसतो त्याच्यापुढे हा स्पंद काहीच नाही.

आणि खोलीत बसलेल्या बाईपर्यंत तो पोचणार कसा? काँक्रीट आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. म्हणून तर प्रोबखाली ग्रीस किंवा जेल चोपडावं लागतं. मध्ये हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी रीडिंग येत नाही, मग समोरच्या सोफ्यापर्यंत काय जाणार?

दुसरा दावाही इथेच कोसळतो. तडा म्हणजे हवेची फटच. ध्वनी ती ओलांडत नाही. तड्याच्या तळापर्यंत खाली जातो आणि वळसा घालून वर येतो. वाट लांबते, वेळ वाढतो. या वाढलेल्या वेळावरून तड्याची खोली काढता येते. तड्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटरवर एकेक प्रोब ठेवा. चांगल्या काँक्रीटमध्ये ध्वनी सेकंदाला ४ किलोमीटर धावतो असं धरलं, तर ३०० मिलिमीटरला ७५ मायक्रोसेकंद लागतात. तड्यावर १०० लागले, तर १०० भागिले ७५, त्याचा वर्ग, त्यातून १ वजा, उरलेल्याचं वर्गमूळ, गुणिले १५०. उत्तर येतं सुमारे १३२ मिलिमीटर. म्हणजे तडा कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, फोडून सळ्यांच्या पार गेलाय. नववीचं पायथागोरस आहे हो हे. ज्यांना शंका आहे त्यांनी आयएस १३३११ (भाग १, १९९२) हे भारतीय मानक उघडून बघावं. या चाचणीच्या उद्देशांमध्ये तडे आणि पोकळ्या शोधणं स्पष्ट लिहिलंय. २०१८ पासून ते मानक आयएस ५१६ मध्ये घेतलं गेलं. कॅनडात तर १९४९ सालीच लेस्ली आणि चीझमन यांनी काँक्रीटमधल्या तड्यांसाठी हीच पद्धत छापून मांडली होती.

हातोडीचं थोडक्यात. सुटलेलं कव्हर पोकळ वाजतं, हे खरंच. पण तडा ३० मिलिमीटर खोल आहे की १३०, हे कुठल्याही मिस्त्रीच्या कानाला कळत नाही.

चौथा दावा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मान्य करताना माझी चिडचिड होते, कारण असे ऑडिटवाले आहेत. तड्यात पाणी साचलं असेल तर ध्वनी त्यातून सरळ निघून जातो आणि तडा उथळ दिसतो. म्हणून भर पावसात, ओल्या पिलरवर घेतलेल्या रीडिंगला अर्थ नाही. सळी तड्याला आडवी जात असेल तर ध्वनी तिच्यावरून झटकन पार होतो. प्लास्टर न काढता प्रोब लावला तर तुम्ही प्लास्टरच तपासताय. (घाबरून दाखवले जाणारे बरेच तडे मुळात प्लास्टरचेच असतात, तो भाग वेगळा.) दोन्ही प्रोब एकाच बाजूला ठेवले तर वेग सेकंदाला सुमारे १ किलोमीटरने कमी दिसू शकतो, हेही त्या मानकातच आहे, तो आकडा समोरासमोरच्या बाजूंना प्रोब ठेवून घेतलेल्या मापाच्या तक्त्यात घालून ‘इमारत धोकादायक’ म्हणणं ही लबाडी. शिवाय यंत्राला १ टक्का चूक माफ असते. ७५ मायक्रोसेकंदांत तेवढीच चूक झाली, तरी वरच्या हिशेबात २० मिलिमीटरचा तडा उगवतो किंवा गायब होतो. उथळ तड्याची खोली कुणी मिलिमीटरपर्यंत छापून दिली, तर प्रोब कुठे ठेवले होते आणि सळ्या आधी शोधल्या होत्या का, एवढं विचारा.

पण खरा जीवघेणा सल्ला पाचवा आहे. काँक्रीट दाब झेलतं, ताणात मात्र त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या भागाइतकीच. तडा गेला की आत पाणी जातं, किनाऱ्याजवळ खारी हवाही. सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर आतून ढकलून फोडतो. पांढऱ्या सिमेंटने हे थांबत नाही, फक्त दिसेनासं होतं. आयएस ४५६ मध्ये तड्याच्या रुंदीची मर्यादा साधारणपणे ०.३ मिलिमीटर, सतत ओल असेल तिथे ०.२ आणि तीव्र परिस्थितीत ०.१ आहे. यापेक्षा रुंद तडा बीमवर दिसत असताना रंगाऱ्याला बोलावणारी कमिटी सभासदांच्या जिवाशी खेळते.

मेसेजच्या शेवटी ‘ऑडिटची कुठेही सक्ती नाही’ अशी ओळ आहे. तीही खोटी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट करायचं असतं. मुंबईत तर ३० वर्षं उलटलेल्या इमारतीची तपासणी करून घ्यायला महापालिका कायद्याचं कलम ३५३ब मालकांना आणि रहिवाशांना बांधील धरतं.