लोकशाहीला न दुखवता दबाव कसा आणावा

आपल्या मागणीसाठी सरकारवर दबाव आणावा, असा विचार ज्या सुजाण वाचकाच्या मनात आला असेल, त्याने आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. दबावगटांमुळे लोकशाहीचे नुकसान होते, आणि ते प्रामुख्याने सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, नोकरदारांच्या कामावर जाण्याच्या वाटेवर होते. ज्या दबावाने वाहतूक खोळंबत नाही, ज्यासाठी पोलिसांची परवानगी काढावी लागत नाही आणि ज्याची बातमी पहिल्या पानावर येत नाही, त्याने लोकशाहीला धोका पोहोचतो असे कोणा गृहस्थाने चहा पिताना म्हटल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

म्हणून शक्यतो रस्त्यावर येऊच नये, दालनात जावे. अर्थसंकल्पाच्या आधी अर्थमंत्री उद्योगसंघटनांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून घेतात. फिक्की तर 1927 पासून उद्योजकांची बाजू मांडत आली आहे, आणि एवढ्या काळात तिने कोठे रास्ता रोको केल्याचे स्मरत नाही. अशा बैठकांना शेतकरी आणि कामगार संघटनांनाही बोलावणे जाते, हे मान्य; परंतु बैठकीहून परतल्यावर ज्याला पुन्हा मैदानात बसावे लागत नाही, त्याचे ऐकले गेले असे समजावे.

ऐपतदार वाचकासाठी काही वर्षे याहूनही शांत मार्ग खुला होता. 2018 पासून स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी एक हजारापासून एक कोटी रुपयांपर्यंतचे निवडणूक रोखे मिळत. रोख्यावर देणाऱ्याचे नाव नसे. क्रमांक असे, पण तो अतिनील प्रकाशात धरल्याशिवाय दिसत नसे. पूर्वी कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपलीकडे देणगी देता येत नसे. 2017 च्या वित्त कायद्याने ही अट काढून टाकली आणि तोट्यातील कंपन्यांनाही लोकशाहीची मनमोकळी सेवा करण्याची वाट मोकळी झाली. ना घोषणा, ना फलक, ना बंदोबस्त! परंतु 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. याचिकाकर्त्यांत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था होती. अहमदाबादच्या आयआयएममधील प्राध्यापकांनी 1999 मध्ये स्थापन केलेली ही संस्था म्हणजे दबावगटच की! रोख्यांचा तपशील जुळवण्यासाठी बँकेने 30 जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयाने 11 मार्चला ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी तपशील निवडणूक आयोगाकडे पोहोचला. दबावामुळे संस्थांच्या कार्यपद्धतीवर किती अनिष्ट परिणाम होतात, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

हिशेब मागणारे गट सर्वांत घातक, हे यावरून ध्यानात यावे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन नावाच्या अशाच एका गटाने जनसुनवाया भरवल्या. तेथे सरकारी कामांचे मस्टर भर गावात मोठ्याने वाचले जाई, आणि ज्यांच्या नावे मजुरी उचलली गेली ते लोक समोर उभे राहून, आपण त्या कामावर गेलोच नव्हतो, असे सांगत. 1996 मध्ये ब्यावरला या मंडळींनी चाळीस दिवस धरणे धरले. आपल्याकडे अण्णा हजारे 2003 च्या ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर उपोषणाला बसले. परिणाम असा की, 12 ऑक्टोबर 2005 पासून देशात माहितीचा अधिकार लागू झाला आणि दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देण्याचे संकट भल्याभल्या कचेऱ्यांवर कोसळले.

त्यापेक्षा भावना दुखवून घेणे अधिक लाभदायक. 5 जानेवारी 2004 रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत एका पुस्तकाच्या निमित्ताने जमाव घुसला, कपाटे आडवी झाली, पोथ्यांची नासधूस झाली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने पुस्तकावर बंदी घातली. सरकारी कामाचा एवढा वेग हिशेब मागणाऱ्यांच्या वाट्याला कधी आल्याचे दिसत नाही.

सर्वांत निर्धोक उपाय मात्र पश्चिम महाराष्ट्राने शोधला आहे: ज्याच्यावर दबाव आणायचा तो माणूस आपणच व्हावे. साखर कारखान्याचा अध्यक्ष हाच आमदार किंवा मंत्री असला की निवेदन देणारा आणि घेणारा यांना दोन खुर्च्या लागत नाहीत. कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी मिळते. साखरेला किमान विक्री दर हवा होता. केंद्राने 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरवला आणि पुढच्याच वर्षी 31 केला. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, शेतकऱ्याला द्यावी, असा नियमही आहेच. पण तो पाळला जावा म्हणून शेतकऱ्याला जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत जावे लागते, तोड बंद पाडावी लागते, प्रसंगी ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडावी लागते. मग अर्थातच, संघटनांनी लोकशाहीला वेठीस धरले आहे, असा लेख छापून येतो.

एवढे सांगूनही कोणाला पायीच जायचे असेल, तर निदान शिस्तीने जावे. 6 मार्च 2018 रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत आला. त्यात वनहक्काचे पट्टे मागणारे आदिवासी फार होते. ज्या कायद्याने ते मिळायचे, तो 2006 सालचा. 11 तारखेला मंडळी सोमय्या मैदानावर पोहोचली. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती, म्हणून पोरांची अडचण नको, असे ठरवून हे हजारो लोक फुटलेल्या तळपायांनी रात्रीच चालत आझाद मैदानावर गेले. मुंबईकर सद्गदित झाले, त्यांनी चपला वाटल्या, बिस्किटे वाटली. सरकारने वनहक्कांचे दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले आणि परतीसाठी खास गाड्याही सोडल्या. 2019 च्या फेब्रुवारीत मंडळी पुन्हा निघाली, तेव्हा नाशिकजवळच नवे लेखी आश्वासन मिळाले. 2023 च्या मार्चमध्ये वासिंदपर्यंत चालावे लागले. तेव्हा पायी जाणाऱ्यांनी आश्वासनाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरात कोरड्या जागी ठेवावा, म्हणजे पुढच्या मोर्चाचे मागणीपत्र नव्याने लिहीत बसावे लागत नाही, फक्त तारीख आणि मुख्यमंत्र्यांचे नाव तेवढे बदलावे लागते.